अपडेटनंतर वायफाय गेले म्हणून फोन फॉरमॅट मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोनचे मोठे अपडेट आले की पुढचा आठवडाभर नाशिकमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर एकच वाक्य ऐकू येते: ‘रात्री अपडेट टाकलं, सकाळपासून वायफाय लागत नाही.’ कुणाचे ब्लूटूथ गाडीला जोडले जात नाही, कुणाचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसत नाही, कुणाला ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ एवढेच दिसते. यातल्या बहुतेक फोनना नवा भाग लागत नाही आणि सॉफ्टवेअरही मारावे (पुसून नव्याने चढवावे) लागत नाही. तरी घाबरलेला ग्राहक स्वतःच म्हणतो, ‘फॉरमॅट मारून टाका’. काउंटरवरचा मुलगाही घाईत मारून देतो, आणि बारशाचे फोटो, गेलेल्या वडिलांच्या आवाजातले व्हॉट्सॲप निरोप कायमचे पुसले जातात. सेटिंगमध्ये सुटणाऱ्या गोष्टीसाठी एवढी किंमत कुणी मोजू नये, म्हणून हा पत्रप्रपंच.

दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच दोन चाचण्या कराव्यात. पहिली, त्याच वायफायवर घरातला दुसरा फोन चालतो का? दुसरी, बिघडलेला फोन दुसऱ्या कुणाच्या हॉटस्पॉटवर चालतो का? दुसरा फोनही चालत नसेल तर दोष अपडेटचा नाही, राउटरचा किंवा लाइनचा आहे. राउटरचे बटण दाबत बसण्यापेक्षा प्लग काढून अर्धा मिनिट थांबा आणि परत लावा. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर केबल तुटली आहे किंवा सैल आहे. तिथे फोनचे काहीही करून उपयोग नाही. तुमचा फोन हॉटस्पॉटवर व्यवस्थित चालतो आणि फक्त घरच्या वायफायवर अडतो, असे असेल तर फोन आणि राउटर यांचे जुने नाते बिनसले आहे. कुठल्याच नेटवर्कवर चालत नसेल तर फोनच्या आतली नेटवर्क सेटिंग गोंधळली आहे. आणि वायफायचे बटणच फिके पडून दाबले जात नसेल, तर गोष्ट वेगळी; तिच्याकडे शेवटी येतो.

नाते बिनसले असेल तर वायफायच्या यादीत त्या नावावर जाऊन ‘फर्गेट’ करावे, फोन एकदा रीस्टार्ट करावा आणि पासवर्ड नव्याने टाकावा. यात कॅपिटल-स्मॉल अक्षरांच्या चुका फार होतात. पासवर्डशेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबून तो वाचून पाहावा. तेवढ्यावर न भागल्यास, किंवा फोन कुठल्याच नेटवर्कवर चालत नसल्यास, नेटवर्क रीसेट. साध्या अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रीसेट ऑप्शन्स असा रस्ता आहे. सॅमसंगमध्ये जनरल मॅनेजमेंट आणि त्यात रीसेट. शाओमीच्या फोनमध्ये तो कनेक्शन अँड शेअरिंगमध्ये सापडतो. आयफोनमध्ये जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन, मग रीसेट, मग रीसेट नेटवर्क सेटिंग्ज. नाव सापडत नसेल तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत ‘रीसेट’ लिहावे.

या रीसेटने सेव्ह केलेली वायफाय नावे व पासवर्ड, ब्लूटूथच्या जोड्या, व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी जोडणी) आणि सिमच्या इंटरनेट सेटिंग जातात. फोटो, संपर्क, मेसेज, ॲप यांना धक्का लागत नाही. हे वाक्य कात्रण करून ठेवण्यासारखे आहे, कारण सगळा घोटाळा इथेच होतो: त्याच पडद्यावर खाली ‘इरेज ऑल डेटा’ किंवा आयफोनमध्ये ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ असते. बोट एक ओळ खाली घसरले आणि पुढच्या इशाऱ्यांवर न वाचता होकार दिला, की फोन कोरा. दोन्ही ठिकाणी पिन मागतात, त्यामुळे पिन मागितला म्हणजे योग्य जागी आहोत असे समजू नये. इ-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलेले सिम) वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. काही अँड्रॉइड फोनमध्ये मोबाइल नेटवर्क रीसेट करताना इ-सिम पुसण्याची चौकट दिसते. तिथे टिक करू नये, नाहीतर सिम परत सुरू करण्यासाठी कंपनीच्या गॅलरीत खेटे घालावे लागतील.

आता मूळ प्रश्न: काल चालणारे वायफाय आज का चालत नाही? सर्वांत जास्त फसवणारे कारण मॅक ॲड्रेसचे आहे. प्रत्येक फोनच्या वायफायला कारखान्यात दिलेला बारा अक्षर-अंकांचा पत्ता असतो. बऱ्याच सोसायट्या, कार्यालये, क्लासेस आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राउटरमध्ये या पत्त्यांची यादी भरलेली असते, यादीतल्यालाच प्रवेश. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता झाकून प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला पत्ता सांगू लागले. पाळत टाळण्यासाठी ही सोय चांगलीच आहे. मात्र अपडेटनंतर, किंवा ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडल्यावर, राउटरला तुमचा फोन अनोळखी वाटतो आणि पासवर्ड बरोबर असूनही तो दार उघडत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पत्त्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला पत्ता. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या नावाशेजारचे चाक दाबून प्रायव्हसीमध्ये ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडावे. आयफोनमध्ये नावाशेजारच्या ‘आय’ चिन्हात ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद करावे, किंवा आयओएस १८ पासून असलेले ‘फिक्स्ड’ निवडून तो पत्ता यादीत घालून घ्यावा. हे फक्त घरच्या किंवा कामाच्या नेटवर्कपुरते करावे. बसस्टँड, हॉटेल, मॉल इथे बनवलेला पत्ताच राहू द्यावा.

दुसरे कारण सुरक्षेच्या पद्धतीचे, म्हणजे फोन आणि राउटर यांच्यातली देवाणघेवाण कुलूपबंद कशी होते त्याचे. डब्ल्यूपीए३ ही पद्धत २०१८ मध्ये आली, डब्ल्यूपीए२ त्याआधी २००४ पासून आहे. जुन्या राउटरवर अजून टीकेआयपी ही कच्ची पद्धत किंवा त्याहून जुनी डब्ल्यूईपी असते आणि नवे सॉफ्टवेअर तिच्याशी बोलायला कुरकुरते. आयफोन तर ‘वीक सिक्युरिटी’ असे स्पष्ट लिहितो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकून राउटरचे पान उघडावे (अंक अर्थातच इंग्रजी), वायरलेस सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२-पर्सनल आणि एईएस (हे पक्के कुलूप) निवडावे. उलटही होते: नव्या राउटरवर दोन्ही पद्धती मिसळून चालू असतात आणि एखादा फोन त्यांत गोंधळतो. तेव्हा पीएमएफ नावाचा (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांच्या संरक्षणाचा) पर्याय ‘रिक्वायर्ड’ वरून ‘ऑप्शनल’ वर आणावा, किंवा थोडे दिवस फक्त डब्ल्यूपीए२ ठेवावे. वायफाय चालू करण्यासाठी पासवर्डच काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये.

महाविद्यालयांच्या आणि कंपन्यांच्या ज्या वायफायला नाव आणि पासवर्ड दोन्ही लागतात, तिथला अडथळा निराळा. अँड्रॉइड ११ च्या काळात नेटवर्क खरे असल्याचे प्रमाणपत्र न तपासता जोडण्याचा ‘डू नॉट व्हॅलिडेट’ हा पर्याय जाऊ लागला. मुले तोच शोधत बसतात. ‘यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स’ निवडून डोमेनच्या रकान्यात संस्थेने दिलेले डोमेनचे (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे) नाव जसेच्या तसे भरावे लागते. हे नाव संस्थेच्या संगणक विभागाने सूचनाफलकावर लावले तर शेकडो मुलांचे हेलपाटे वाचतील.

‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दिसले तर आधी फोनची तारीख-वेळ पाहावी. ती चुकीची असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे फोनला मुदतबाह्य वाटतात आणि इंटरनेट असून नसल्यासारखे होते. मग व्हीपीएन बंद करून पाहावे. त्यानंतर ‘प्रायव्हेट डीएनएस’, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता गुप्तपणे विचारण्याची सोय. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे आणि जाहिराती टाळण्यासाठी अनेकांनी व्हिडिओ पाहून तिथे एखाद्या सर्व्हरचे नाव भरलेले असते. तो सर्व्हर उत्तर देत नसेल, किंवा तुमच्या नेटवर्कने त्याचा ८५३ क्रमांकाचा पोर्ट (ये-जा करण्याचा दरवाजा) अडवला असेल, तर फोन दुसरा रस्ता शोधत नाही, हटून बसतो. तिथे ‘ऑटोमॅटिक’ केले की काम होते. फोन नुसताच ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ असे दाखवत राहिला तर राउटर जोडणाऱ्या प्रत्येक फोनला जे पत्ते वाटतो ते संपले असण्याचीही शक्यता असते. पंचवटी-त्र्यंबकेश्वर भागातल्या लॉज आणि भक्तनिवासांत रोज नवी माणसे येतात. राउटरने शंभरच पत्ते ठेवले असतील आणि प्रत्येक पत्ता चोवीस तास अडकून राहत असेल, तर संध्याकाळी येणाऱ्याला काय मिळणार? लीज टाइम (पत्ता अडकून राहण्याचा वेळ) दोन तासांवर आणावा. २०२७ च्या सिंहस्थाआधी लॉजवाल्यांनी एवढे तरी तपासून घ्यावे.

जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथला दोष हमखास अपडेटच्या माथी मारला जातो. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे तो लवकर दमतो. दोन पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर कुठली पकडायची हे राउटर आणि फोन मिळून ठरवतात, आणि अपडेटमध्ये फोनचा हा निर्णय बदलू शकतो. आधी २.४ वर मुकाट चालणारा फोन आता ५ ला चिकटतो. ओटीवर दोन काड्या दिसतात, माजघराची दगड-विटांची भिंत ओलांडली की सगळे गुल. राउटरच्या पानावर ‘स्मार्ट कनेक्ट’ बंद करून दोन पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत आणि आतल्या खोलीतल्या फोनला २.४ चे नाव जोडावे. २.४ मध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्यावा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. सिडको-इंदिरानगरच्या दाट वस्तीत शेजारच्या दहा राउटरांत कमी गर्दीचा चॅनल शोधणे हाच निम्मा इलाज असतो. ५ मध्ये ३६ ते ४८ हे चॅनल निर्धोक. ५२ पासून पुढचे काही चॅनल रडारला आधी वाट देऊन वापरायचे असतात. राउटरला तिथे आधी किमान एक मिनिट कानोसा घ्यावा लागतो आणि रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडावा लागतो. लोकांना ते ‘मधूनच वायफाय जातं’ असे दिसते.

हॉटस्पॉटचेही तसेच. अपडेटनंतर तो ५ गिगाहर्ट्झवर किंवा फक्त डब्ल्यूपीए३ वर गेला असेल तर जुन्या लॅपटॉपला तो दिसतच नाही. बँड २.४ आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ करावी. आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये यासाठी ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ हे बटण आहे.

दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्यांची एक तक्रार शहरात कुणाच्या ध्यानात येत नाही. बागेतला वायफाय कॅमेरा किंवा ठिबकचा कंट्रोलर फोनवर उघडत नाही. माणूस कंट्रोलर काढून दुरुस्तीला आणतो आणि कंट्रोलर ठणठणीत असतो. बिघडलेली असते ती परवानगी. आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कवरची उपकरणे शोधायला ॲपला ‘लोकल नेटवर्क’ ही परवानगी लागते, ती प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये आहे. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी आणि १३ पासून वायफायसाठी ‘निअरबाय डिव्हायसेस’ ही परवानगी आली. त्याआधी हेच काम लोकेशनच्या परवानगीवर चालायचे. अपडेटनंतर ॲपने ती मागितली आणि घाईत ‘डोन्ट अलाऊ’ दाबले गेले, की कॅमेरा अदृश्य. सेटिंग्जमध्ये ॲप, परमिशन्स असे जाऊन ती द्यावी. दुसरी मेख अशी, की कंट्रोलर स्वतःचे छोटे वायफाय सोडतो आणि त्याला इंटरनेट नसते. नवे सॉफ्टवेअर ‘इथे इंटरनेट नाही’ असे ठरवून गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारते आणि ॲपचा कंट्रोलरशी संबंध तुटतो. सेटिंग होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवावा, फोनने विचारले तर ‘जोडलेले राहा’ म्हणावे. अशी उपकरणे बहुधा २.४ वरच चालतात, हेही विसरू नये.

ब्लूटूथमध्ये लोक एकच बाजू पुसतात. फोनमधून गाडीचे नाव काढतात, गाडीच्या पडद्यावर फोनचे नाव तसेच राहते; दोघांच्या जुन्या किल्ल्या जुळत नाहीत. दोन्हीकडून काढावे, गाडी बंद करून पाच मिनिटे थांबावे, मग नव्याने जोडावे. गाडीची यादी जुन्या फोनांनी भरलेली असेल तर तीही रिकामी करावी. गाणी येतात पण फोन करणाऱ्यांची नावे दिसत नाहीत, तेव्हा जोडणीच्या तपशिलात संपर्क व कॉलची परवानगी पुन्हा सुरू करावी. अँड्रॉइडमध्ये ॲपच्या यादीत ‘शो सिस्टिम’ करून ब्लूटूथचा कॅशे (तात्पुरता साठा) साफ करता येतो. आवाज एकदम फार लहान किंवा मोठा होत असेल तर बिल्ड नंबर सात वेळा दाबून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावेत आणि ‘डिसेबल ॲब्सोल्युट व्हॉल्यूम’ करून पाहावे. तिथल्या बाकी कशालाही हात लावू नये.

कॉल लागत नसतील तर व्होल्टे (४जीवरून बोलण्याची सोय) चालू आहे का पाहावे. जिओचे नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झाले तेच फक्त ४जीवर. तिथे व्होल्टे बंद म्हणजे कॉल बंद. नेटवर्क रीसेटनंतर डेटा चालत नसेल तर एपीएन (सिमच्या इंटरनेटचे प्रवेशनाव) तपासावे. इंग्रजी लहान अक्षरांत जिओसाठी ‘जिओनेट’ आणि बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’.

आता फिक्या पडलेल्या बटणाबद्दल. ‘अबाउट’ मध्ये वायफायचा मॅक पत्ता ‘अनअव्हेलेबल’ दिसतो, आयफोनमध्ये त्या जागी ‘एनए’ येते, ब्लूटूथही सुरू होत नाही. रीस्टार्ट आणि नेटवर्क रीसेटनंतरही हेच राहिले तर बहुधा चिपचा किंवा तिच्या जोडांचा दोष आहे. वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक फोनमध्ये एकाच चिपमध्ये असतात, म्हणून दोन्ही बरोबर जातात. अपडेटने चिप जाळली, हे म्हणणे सहसा खरे नसते. पडून-आपटून चिपखालच्या सोल्डरच्या सूक्ष्म गोळ्यांना आधीच तडा गेलेला असतो. अपडेटच्या वेळी प्रोसेसर बराच वेळ सलग राबतो, बोर्ड तापतो, आणि तडा गेलेला जोड सुटतो. अशा फोनला ‘हीट मारून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. गरम हवेने जोड थोडे दिवस पकडतो, पुन्हा सुटतो, आणि शेजारच्या मेमरीला धग लागली तर डेटाही जातो. खरी दुरुस्ती म्हणजे चिप काढून रिबॉलिंग करणे (तिच्याखालच्या सोल्डरच्या गोळ्या नव्याने बसवणे) किंवा चिप बदलणे. ती सूक्ष्मदर्शकाखाली होते, आणि तिला हात लावण्याआधी बॅकअप घेतलाच पाहिजे.

सॉफ्टवेअर मारणे हा उपाय अगदी शेवटचा. चुकीच्या मॉडेलची किंवा दुसऱ्या देशाची फाइल चढली तर बेसबँड (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग) ‘अननोन’ होतो, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) उडतो आणि सिम चालत नाही. बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) उघडा राहिला तर बँकेची ॲपही नकार देतात. आयएमईआय उडाल्यावर दुसऱ्या फोनचा क्रमांक टाकून देणारे भेटतात. तो गुन्हा आहे, आणि असा क्रमांक संचार साथी पोर्टलवर तपासला तर उघडा पडतो. जुन्या आवृत्तीवर परत नेण्याचा हट्टही धरू नये, त्यात फोन पूर्ण पुसला जातो आणि अनेक फोनना ते जमतच नाही.

अपडेट टाकायचेच नाही, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट लगेच टाकावे. मोठी आवृत्ती मात्र दोन-तीन आठवडे थांबून, पहिली दुरुस्ती आल्यावर घ्यावी. निम्म्याहून जास्त बॅटरी, पुरेशी मोकळी जागा, बॅकअप, आणि फोन उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको. फोन कंपन्यांकडून एक अपेक्षा आहे. ‘बग फिक्सेस’ एवढे दोन शब्द लिहून ग्राहकाला अंधारात ठेवू नये. वायफायची कुठली मूळ सेटिंग बदलली, कुठली परवानगी नव्याने लागेल, हे अपडेटच्या पडद्यावरच मराठीत यायला हवे. या चार ओळी आल्या तर काउंटरवरची निम्मी गर्दी ओसरेल.

हमीतला फोन असेल तर सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर ‘वायफाय प्रॉब्लेम’ एवढेच लिहू देऊ नका. अपडेटची तारीख, आवृत्तीचा क्रमांक, बटण फिके आहे की नेटवर्क सुटते, हे सगळे लिहून घ्या आणि पडद्याचा फोटो ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे कंपनी कुठलीही असो, अर्ज नाशिकमध्येच करता येतो. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

आमच्याच व्यवसायातल्या बांधवांना कळकळीची विनंती, की फोन पुसण्याआधी ग्राहकाची पावतीवर सही घ्या आणि सही घेताना ‘फोटो जातील’ हे शब्द तोंडाने उच्चारा. ग्राहकांनी फोन देण्याआधी *#०६# दाबून पंधरा अंकी आयएमईआय पावतीवर लिहून घ्यावा. परत घेताना तो ताडून पाहावा, वायफायचे बटण तीन-चारदा बंद-चालू करावे, आणि काउंटरवरच उभे राहून वायफायवर पाच मिनिटे व्हिडिओ चालवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपले,
मोबाइल दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ, नाशिक